पत्ता कुणाचा, पार्सल कुणाच्या हातात?

प्रश्न

मी आणि माझे भागीदार वापरलेले कॅमेरे, लेन्स आणि लॅपटॉप विकत घेतो, दुरुस्त करतो आणि ऑनलाइन विकतो. मागे एका कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलेला लॅपटॉप गायब झाला. कुरिअरकडे 'पोचलं' अशी नोंद होती, पावतीवरची सही कुणाची ते वाचता येईना आणि विद्यार्थी म्हणत होता की त्याला काही मिळालंच नाही. शेवटी पैसे परत केले. मग पोस्ट बॉक्सवर पाठवलेलं एक पार्सल फिरून फिरून आमच्याकडेच परत आलं आणि परतीचं भाडंही आमच्याच माथी बसलं. तेव्हापासून भागीदारांनी नियम केलाय की महागडी वस्तू पोस्ट बॉक्सवर पाठवायची नाही आणि कॉलेज किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावरही नाही. आता परदेशात शिकणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीला आमच्याकडचा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स हवी आहे. ती हॉस्टेलमध्ये राहते आणि टपालासाठी तिने पोस्ट बॉक्स घेतलाय. नियम सांगितला तर तिने विचारलं, "मग लेन्स घेण्याआधी मी घर घ्यायचं का?" मला उत्तर सुचलं नाही. भागीदार म्हणतात, असेच लोक फसवतात. नियम मोडावा का?

उत्तर

नियम मोडू नका, बदला. तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तुमच्या नियमातच ते नाही. महागडी वस्तू सुरक्षित पोचावी हा तुमचा हेतू बरोबर आहे. पण तुमचा नियम वस्तूच्या प्रवासाबद्दल काहीच बोलत नाही, तो फक्त माणूस कुठे राहतो ते बघतो.

तुमच्या पत्रातली दोन पार्सलं जरा शेजारी ठेवून बघा. लॅपटॉप कॉलेजात पोचला, पण तिथे कुणाच्या हातात गेला ते कळलं नाही. पोस्ट बॉक्सवरचं पार्सल कुणाच्या हातात देता येईल अशी सोयच नव्हती, म्हणून ते परत आलं. दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध दिलंत. शिवाय या दोन्हींत घेणाऱ्याने फसवलं, असं तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही. त्या विद्यार्थ्याने खोटं सांगितलं असेलही, पण तसा पुरावा तुमच्याकडे नाही. "असेच लोक फसवतात" हे भागीदारांचं वाक्य नुकसान झाल्यानंतरच्या रागातून आलेलं आहे. तो राग मला समजतो, पण त्यावरून धंद्याचा नियम ठरू नये.

आधी पोस्ट बॉक्स घेऊ. पोस्ट बॉक्स म्हणजे टपाल कार्यालयात भाड्याने घेतलेला कप्पा. तो टपाल खात्याच्या ताब्यात असतो आणि त्यात काही ठेवायचं तर टपाल कर्मचाऱ्यालाच ठेवता येतं. खासगी कुरिअरच्या माणसाला तिथे दार नाही, घंटा नाही, सही करायला समोर माणूस नाही. म्हणून बहुतेक खासगी कुरिअर कंपन्या पोस्ट बॉक्सचा पत्ता घेतच नाहीत आणि चुकून घेतलाच तर पार्सल मधेच अडकतं. तुमचं परत आलेलं पार्सल खासगी कुरिअरने गेलं होतं का, ते बघा. मला तरी तसंच वाटतंय.

तेच पार्सल टपालाने, सही घेऊन देण्याच्या सेवेने पाठवलं, तर चित्र अगदी वेगळं दिसतं. कॅमेऱ्याचा खोका कप्प्यात मावत नाही. कप्प्यात फक्त चिठ्ठी पडते, आणि ती घेऊन माणसाला खिडकीवर जावं लागतं, ओळखपत्र दाखवावं लागतं, सही करावी लागते. घराच्या दाराशी जे पार्सल शेजाऱ्याच्या हाती जातं किंवा पायरीवर ठेवून त्याचा फोटो काढला जातो, त्याच्यापेक्षा ही देवघेव कितीतरी पक्की आहे. फक्त खिडकीवर पार्सल किती दिवस ठेवतात ते आधी विचारून घ्यायला हवं, कारण मुदत संपली की ते परत निघतं.

आणि पोस्ट बॉक्स कोण घेतं? केनिया, बोत्सवाना, नामिबियात पोस्ट बॉक्स हाच लोकांचा नेहमीचा टपालाचा पत्ता असतो, कारण तिथे पत्रं घरपोच येण्याची पद्धतच फारशी नाही. इतर देशांतही सतत खोल्या बदलणारे, दूरच्या वस्तीत राहणारे, घरचा पत्ता अनोळखी माणसाला द्यायला घाबरणारे लोक पोस्ट बॉक्स घेतात. यातल्या शेवटच्या गटात एकट्या राहणाऱ्या बायका किती असतात, याचा विचार करा. तुमच्या दुकानाला तिच्या खोलीचा पत्ता न देणं हा तिचा अधिकार आहे, तो संशयाचा मुद्दा नाही.

तुमच्या नियमाची आणखी एक गंमत नसलेली बाजू आहे. तो 'पोस्ट बॉक्स' हे शब्द अडवतो. पण खासगी दुकानांत भाड्याने मिळणाऱ्या कप्प्यांचा पत्ता साध्या घरासारखा दिसतो, रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पुढे एक छोटा आकडा. पार्सलं गोळा करून दुसरीकडे पाठवणाऱ्या गोदामांचा पत्ताही तसाच. ज्याला लपायचं असतं तो असा पत्ता देतो आणि तुमच्या नियमातून आरामात पार होतो. अडकतो तो खरं लिहिणारा.

आता कॉलेज. इथे तुमची भीती जास्त खरी आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

मोठ्या कॉलेजात पार्सल विद्यार्थ्याकडे थेट जात नाही. कुरिअरवाला फाटकाशी येतो किंवा आवक-जावक विभागात जातो, तिथला कर्मचारी वीस-तीस पार्सलांसाठी एकदम सही करतो आणि कुरिअरच्या दृष्टीने काम संपतं. त्याच क्षणी तुमच्या पडद्यावर 'पोचलं' उमटतं. पण खरा प्रवास अजून बाकी असतो. आवक-जावक विभागातून डिपार्टमेंटच्या ऑफिसात, तिथून हॉस्टेलच्या कार्यालयात, तिथे टेबलावर किंवा कपाटावर आणि मग कधीतरी विद्यार्थ्याच्या हातात. या मधल्या टप्प्यांवर कधी वहीत नोंद होते, कधी नुसती हाक मारली जाते. सुट्ट्या लागल्या की हा सगळा मार्गच बंद पडतो. नावात गोंधळ असेल, म्हणजे पार्सलवर हाक मारायचं नाव आणि रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, तर पार्सल 'असा कुणी इथे नाही' म्हणून परत येतं. तुमच्या लॅपटॉपच्या पावतीवरची न वाचता येणारी सही बहुधा अशाच घाईच्या टेबलावरची आहे. तो लॅपटॉप त्यानंतर हरवला असेल, तर कुरिअर हात झटकणार, कारण त्याने सांगितलेल्या पत्त्यावर दिला. विमा काढला असता तरी अनेक पॉलिसींत जोखीम त्या सहीपाशीच संपते.

म्हणून प्रश्न 'कॉलेजचा पत्ता चालेल का' असा नसून 'शेवटची सही त्याच माणसाची असेल का' असा विचारायला हवा. तो तुमच्या प्रत्येक ग्राहकाला लागू पडतो, अगदी बंगल्यात राहणाऱ्यालाही.

याचा सगळ्यात सोपा मार्ग तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून मुद्दाम सांगते. बहुतेक कुरिअर कंपन्यांकडे पार्सल त्यांच्या शाखेत ठेवून घेण्याची सोय असते. पार्सल शाखेत थांबतं, ग्राहकाला निरोप जातो आणि तो ओळखपत्र दाखवून, स्वतः सही करून घेऊन जातो. हॉस्टेल नाही, फाटक नाही, मधली टेबलं नाहीत. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या, दिवसभर कामावर असणाऱ्या, पोस्ट बॉक्सवाल्या अशा सगळ्यांना हे चालतं. शाखा लांब असेल तर ग्राहक कुरकुर करेल, पण महागड्या वस्तूसाठी एक फेरी मारायला बहुतेक लोक तयार असतात. जो माणूस ओळखपत्र दाखवायला लागेल म्हटल्यावर एकदम गप्प होतो, त्याच्याबद्दल तुम्हाला पुष्कळ काही कळतं.

आता खऱ्या फसवणुकीकडे. ती असते, भागीदार तिला घाबरतात ते योग्यच आहे, पण ती पत्त्याच्या प्रकारात शोधू नका. 'मी ही खरेदी केलीच नाही' आणि 'मला वस्तू मिळालीच नाही' हे दोन दावे वेगळे आहेत आणि त्यांचे बंदोबस्तही वेगळे. पहिला दावा चोरीच्या कार्डाचा. कार्डाने पैसे आले म्हणजे व्यवहार मिटला असं होत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक तक्रारींना साधारण 120 दिवसांची मुदत असते, म्हणजे तुमच्या खात्यात जमा झालेले पैसे कित्येक आठवड्यांनीही काढून घेतले जाऊ शकतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडात कार्डाचा पत्ता पडताळण्याची जी सोय आहे, ती पत्त्यातले आकडे आणि पिनकोड जुळतात का एवढंच बघते, तिच्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा पैसे भरताना बँकेचा ओटीपी किंवा बँकेच्या ॲपमधली मंजुरी लागणारा मार्ग सुरू ठेवा. अशी पडताळणी झालेल्या व्यवहारात चोरीच्या कार्डाचा भार बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो.

पण ही पडताळणी दुसऱ्या दाव्यावर काहीच करत नाही. 'मिळालं नाही' याला उत्तर एकच, ते म्हणजे त्या माणसाच्या सहीची पोचपावती. म्हणून वर एवढं लांबवलं.

पार्सल निघाल्यानंतर पत्ता बदलून मागणारा ग्राहक मात्र थांबवाच, मग त्याचं कारण कितीही रडकं असो. पैसे एका पत्त्यावर पडताळले गेले आणि वस्तू दुसरीकडे गेली, तर तुमच्या हातातले सगळे कागद निरुपयोगी होतात. काही कुरिअरकडे पाठवणारा सांगून ठेवू शकतो की घेणाऱ्याच्या विनंतीवरून पत्ता बदलायचा नाही. महागड्या प्रत्येक पार्सलला हे सांगत जा.

कॉलेजच्या नावाने होणारी मोठी फसवणूक तर विद्यार्थी करतच नाहीत. अमेरिकेच्या एफबीआयने 2014 मध्ये तिच्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. विद्यापीठाच्या खरेदी विभागाचं नाव, खऱ्या संकेतस्थळासारखा दिसणारा, एखादं अक्षर इकडचं तिकडे असलेला ईमेल पत्ता, रीतसर दिसणारी खरेदीची ऑर्डर आणि 'माल पाठवा, पैसे महिन्याभरात देतो' असं आश्वासन. माल मात्र विद्यापीठात न जाता तिसऱ्याच ठिकाणी जातो. तुम्ही लॅपटॉप विकता, म्हणजे अशी ऑर्डर तुमच्याकडे कधी ना कधी येईल. आली तर तिच्यातल्या फोन नंबरवर फोन करू नका. विद्यापीठाचा नंबर स्वतः शोधून खरेदी विभागाशी बोला. एका लेन्ससाठी स्वतःचे पैसे आधी भरणारी तुमची विद्यार्थिनी आणि उधारीवर एकदम बरेच लॅपटॉप मागणारा 'खरेदी अधिकारी', या दोघांत भागीदारांनी कुणाला घाबरायचं ते ठरवावं.

नुकसानभरपाईबद्दल बऱ्याच विक्रेत्यांचा गैरसमज असतो, तो सांगते. कुरिअरच्या फॉर्मवर किंमत लिहिली म्हणजे विमा झाला असं नाही. परदेशी हवाई मालवाहतुकीला 1999 चा माँट्रियल करार लागू असेल, तर वाहतूक कंपनीची जबाबदारी वजनावर मोजली जाते. 28 डिसेंबर 2024 पासून ती दर किलोला 26 एसडीआर आहे, आणि एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. तुमचा कॅमेरा आणि लेन्स खोक्यासकट दोन किलो भरले, तर मिळणार जास्तीत जास्त 52 एसडीआर, त्यात चांगल्या लेन्सची किंमत काही भरून निघणार नाही. जादा किंमत वेगळी जाहीर करून तिचं शुल्क भरलं तरच ही मर्यादा वाढते. टपालाने जाणाऱ्या वस्तूंना तर हा करार लागूच नाही, तिथे टपाल खात्याचे स्वतःचे नियम चालतात. म्हणून वेगळा विमा घ्या आणि घेण्याआधी त्यातल्या दोन ओळी वाचा. वापरलेली उपकरणं त्यात बसतात का, आणि जोखीम नेमकी कोणत्या क्षणी संपते.

तुमच्या या ऑर्डरमध्ये बॅटरीचाही प्रश्न आहे. कॅमेऱ्यासोबत तुम्ही नक्कीच एखादी जादा बॅटरी देत असाल. सुटी लिथियम बॅटरी आंतरराष्ट्रीय टपालाने पाठवता येत नाही. उपकरणात बसवलेली चालते, तीही दोन्हीकडच्या टपाल खात्यांनी मान्य केली असेल तरच. म्हणजे तिच्या पोस्ट बॉक्सवर टपालाने पाठवायचं ठरलं, तर जादा बॅटरी काढून ठेवावी लागेल आणि तिला ती तिथेच घ्यायला सांगावी लागेल. कुरिअरने उपकरणासोबत बॅटरी जाऊ शकते, पण ते आधी सांगावं लागतं आणि खोक्यावर खूण लागते. बॅटरीची वॉट-तासांतली क्षमता तिच्यावरच छापलेली असते, नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. कॅमेऱ्याची बॅटरी हवाई वाहतुकीतल्या 100 वॉट-तासांच्या मर्यादेच्या खूपच खाली असते, मोठ्या लॅपटॉपची मात्र त्या मर्यादेपर्यंत पोचते. फुगलेली बॅटरी कुठल्याच मार्गाने पाठवू नका. आणि कॅमेरा पूर्ण बंद करा, बटण दबणार नाही असा गुंडाळा.

परदेशी पार्सलावर आयात कर लागतो आणि तो अनेकदा पार्सल देतानाच मागितला जातो. कॉलेजच्या आवक-जावक विभागातला माणूस दुसऱ्याचा कर स्वतःच्या खिशातून भरणार नाही, तो पार्सल परत लावेल. तेव्हा कर आधीच भरून पाठवायचा की तिने शाखेत जाऊन भरायचा, हे ठरवूनच खोका बंद करा. ती कदाचित किंमत कमी लिहायला सांगेल. बरेच लोक सांगतात आणि त्यांना त्यात काही वावगंही वाटत नाही. तुम्ही नाही म्हणा. ते बेकायदेशीर आहे, आणि पार्सल हरवलं तर विमा कंपनी कागदावर लिहिलेल्या किमतीवरच बोट ठेवते.

खोका भरताना लेन्स आणि बॉडीचे सिरियल नंबर स्पष्ट दिसतील असा व्हिडिओ काढा, मधे न थांबवता, चिकटपट्टी लावून होईपर्यंत. कुरिअरच्या पावतीवर वजन नोंदवलंय ना, तेही बघा. 'खोक्यात वीटच निघाली' हा दावा या दोन गोष्टींपुढे सहसा टिकत नाही. लेन्स बॉडीला लावून पाठवू नका, आदळआपट झाली की माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे जोडली जाते त्या कड्यावर, ताण येतो. खोक्यावर बाहेरून ब्रँडचं नाव दिसू देऊ नका, कस्टम्सच्या कागदावर मात्र खरं तेच लिहा.

तिला काय लिहायचं, ते साधारण असं: "आमचा नियम आम्ही बदलतो आहोत. पत्ता कोणता हा आमचा प्रश्न नाही, पार्सल तुमच्याच हातात पडावं एवढंच हवं. तुमच्या जवळच्या कुरिअर शाखेचं नाव कळवा, आम्ही तिथे ठेवायला सांगू. ओळखपत्रावर जसं नाव आहे अगदी तसंच पाठवा, फोन नंबर द्या आणि येत्या आठवड्यांत तुम्ही तिथे आहात ना ते सांगा. शाखा सोयीची नसेल तर पोस्ट बॉक्सवर टपालाने, सही घेऊन देण्याच्या सेवेने पाठवू, पण मग जादा बॅटरी देता येणार नाही." पहिल्या उत्तराबद्दल वाईट वाटल्याचंही एका ओळीत लिहा. तिने तुम्हाला टोमणा मारला असला तरी तिला नकार मिळाला तो तिच्या कुठल्याही वागण्यामुळे नाही.

हॉस्टेलशिवाय दुसरा मार्गच नसलेला ग्राहकही कधी येईल. जवळ शाखा नाही, टपालाची खात्री नाही. तेव्हा हॉस्टेलच्या कार्यालयाला ग्राहकाकडूनच विचारायला सांगा की पार्सलांची वही ठेवतात का, देताना सही घेतात का. ठेवत असतील तर पाठवा, पार्सल निघालं त्याच दिवशी ग्राहकाला क्रमांक कळवा, आणि पोचल्याची नोंद दिसताक्षणी फोन करा. कपाटावर दोन आठवडे पडून राहिलेल्या पार्सलाचा शोध लागत नाही, काल आलेल्याचा लागतो.

भागीदारांचं काय? त्यांना हे सगळं एकदम पटणार नाही आणि त्यांच्यावर लादूही नका, कारण पैसे दोघांचे आहेत. त्यांच्यासोबत बसून एक रक्कम ठरवा. एखादं पार्सल पूर्ण बुडालं तरी महिन्याचा हिशेब कोलमडणार नाही, एवढी ती असावी. तिच्या आतली वस्तू कुठल्याही पत्त्यावर, नेहमीच्या सहीने जाऊ दे. तिच्या वरची वस्तू मात्र शाखेतून किंवा टपालाच्या खिडकीवरून, ओळखपत्र दाखवूनच, मग ग्राहक हॉस्टेलचा असो नाहीतर बंगल्याचा. विक्रीच्या पानावर लिहा की काही वस्तू ओळखपत्र दाखवूनच मिळतील. रक्कम मात्र लिहू नका, फसवणारा ती वाचून बरोबर तिच्या एक पायरी खालची वस्तू मागवतो.